मनोरा चिकटवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं 'स्वयंअध्ययन कक्षा'चं छायाचित्र पाहिलं आणि राहवेना, म्हणून लिहिते आहे. शाळेचं नाव तुम्ही छापलंय, मी पुन्हा लिहीत नाही. काचेचं कपाट, त्याला कुलूप, वरच्या फळीवर लहान-मोठ्या लाकडी ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा आणि समोर हाताची घडी घालून बसलेली मुलं. तो मनोरा जरा नीट पाहा. ठोकळे एकमेकांना चिकटवलेत. सांध्यांतून ओघळून वाळलेला डिंक फोटोतही दिसतो.

चिकटवला की मनोऱ्याचा उपयोगच संपला. त्यात १० ठोकळे असतात. सगळ्यात छोटा १ सेंटिमीटरचा, मग एकेक सेंटिमीटरने वाढत शेवटचा १० सेंटिमीटरचा. मुलाने ते एकेक करून फळीवरून सतरंजीवर आणायचे. मोठ्याला दोन्ही हात लागतात, छोटा चिमटीत मावतो. हा फरक डोळ्याआधी हाताला कळतो. रचताना एखादा ठोकळा मागेपुढे झाला की मनोऱ्याला पोट सुटतं आणि ते मुलालाच दिसतं, बाईंनी बोलायची गरज नाही. सगळे ठोकळे एका कोपऱ्याशी जुळवून रचले, तर दोन बाजूंना बरोबर एकेक सेंटिमीटरच्या पायऱ्या पडतात. मग सगळ्यात छोटा ठोकळा हातात घेऊन मूल तो वरून खाली प्रत्येक पायरीवर बसवत येतं. नीट बसला तर रचना बरोबर. हे साधन इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीबाईंचं. त्यांच्या पद्धतीत चूक दाखवायचं काम वस्तूकडे असतं, मोठ्या माणसाकडे नाही. डिंकाने तेच काम बंद पाडलं.

चिकटवतात का, तेही ठाऊक आहे. छोटा ठोकळा हरवतो. केरात जातो, खिशातून घरी जातो. त्यावर उपाय सुताराकडे आहे. १ सेंटिमीटरचे पाच-सहा जादा ठोकळे कापून, घासून, त्याच रंगात रंगवून ठेवा. शाळा सुटताना फळी आवरायचं काम मुलांकडे द्या. नऊ आहेत की दहा, हे तीच मोजतील. वस्तू तोंडात घालायच्या वयाचं मूल वर्गात असेल तर मात्र त्याच्याजवळ कुणीतरी बसलंच पाहिजे.

कपाट काढा, उघडी फळी लावा. उंची फार तर अडीच फूट, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मुलाचाही हात पोचतो. प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवा. ज्याने सतरंजी पसरली, त्याचं काम. सतरंजी गुंडाळून साधन जागेवर गेलं की दुसऱ्याची पाळी. चाळीस मुलं असतील तर एका वेळी दहा-बारांनीच साधनं घ्यावीत, बाकीच्यांची गाणी-गोष्टी चालू द्याव्यात. संच महाग आहे म्हणून कुलूप, हे कारण मला पटत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला शंखशिंपले, बिया आणि खड्यांवर मुलांना शिकवलं. तिथली मुलं ती साधनं हाताळत होती.

घरीही हेच होतं, वस्तू मुलाच्या हाती देत नाहीत. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे मुलाला एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायला पाणी द्यायला आई कचरते. तिचं चुकत नाही. (पाणी रोज का येत नाही, यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) पण आपल्या घरात ज्वारी आहे. दोन सारखे स्टीलचे छोटे तांबे घ्या, एकात अर्ध्याच्या जरा वर ज्वारी भरा, दोन्ही काठाच्या ताटात ठेवा. ओतून एकदाच दाखवा, अगदी सावकाश आणि न बोलता. बोलत दाखवलं की मूल तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही. काठोकाठ भरू नका, पहिल्याच खेपेला सांडतं. प्लॅस्टिकचे पेले नकोत, हलके असल्याने कलंडतात. सांडलेले दाणे वेचायला शेजारी वाटी ठेवा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला दाणे नकोत, नाकात जातात.

एवढं झालं की आपण हात मांडीवर ठेवायचे. खरी अडचण इथेच आहे. तांबा जरा कलला की आईचा, आजीचा हात आपोआप पुढे जातो. ज्वारी ताटात पडली तर नुकसान काहीच नाही, पण पुढे आलेल्या हाताने मुलाचं काम मोडतं. दर खेपेला 'शाब्बास' म्हणू नका. मूल ताट सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं. तेच ते वीस वेळा ओतलं तरी थांबवू नका. पुरे झालं की ते आपणहून तांबे जागेवर ठेवतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात कृती, शोध आणि बालकेंद्री शिक्षण हे शब्द २००९ पासून आहेत. पहिली ते आठवीच्या वर्गांना ते लागू आहेत, पण मुलाचे हात बांधायची सवय त्याआधीच, बालवाडीत लागते. म्हणून अशा कक्षाची बातमी देताना तुमच्या प्रतिनिधीने एवढं तरी विचारावं: कपाटाची किल्ली कुणाकडे असते?

आणि एक मागणं तुमच्याकडेही आहे. रविवारच्या बालपानावर शब्दकोडं असतं आणि त्याच्याच खाली उत्तरं उलटी छापलेली असतात. मूल दोन मिनिटं अडलं की पान फिरवतं. उत्तरं पुढच्या रविवारी छापा.

कळावे,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, जुळे सोलापूर