वाळूतला तंबू आणि उधाणाची भरती

संपादक महोदय,

शरदात किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीतून फिरत तंबूत मुक्काम करणाऱ्यांनी भरतीचे वेळापत्रक आधी पाहावे. विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवसाच्या, सुमारास अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एरवीपेक्षा मोठे असते, म्हणून कालच्या ओल्या रेघेवर विसंबू नये. बहुतेक किनाऱ्यांवर दर १२ तास २५ मिनिटांनी भरती येते; झोपेत पाणी गाठू शकते.

कोरड्या वाळूत खुंट्या धरत नाहीत, वाऱ्याच्या पहिल्याच झोताला उपसून येतात. त्याऐवजी कापडी पिशवीत वाळू भरावी, तिला दोरी बांधून ती हातभर खोल आडवी पुरावी आणि वरची वाळू पायाने दाबावी.

आणि कळकळीची विनंती, जुन्या तटबंदीच्या आडोशाला चूल पेटवू नका. दगड तापून तडकतो, सांध्यातला चुना भुसभुशीत होतो.

– एक वाचक