पॅनेलला थेट २३० व्होल्ट देऊ नका

संपादक महोदय,

म्हापसा-कळंगुट भागात बंगल्यांचं वायरिंग करणारा मी वायरमन. लाइटिंग कंट्रोलरचं २३० व्होल्टचं आउटपुट थेट होम ऑटोमेशन पॅनेलच्या (घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या पेटीच्या) इनपुटला जोडलेलं हल्ली दिसतं. इनपुट बहुतेकदा असतं २४ व्होल्ट डीसीचं, मग आतलं सर्किट कार्ड जळणारच! मध्ये २३० व्होल्ट कॉइलचा रिले, म्हणजे तारेच्या गुंडाळीला वीज मिळाली की ओढला जाणारा स्विच घाला, पॅनेलला त्याचा फक्त कोरडा (स्वतःचं व्होल्टेज नसलेला) कॉन्टॅक्ट द्या. आउटपुट डिमरचं, म्हणजे दिवा मंद-प्रखर करणारं असेल तर मात्र कॉइल नीट ओढत नाही, नुसती गुणगुणते. तिथं वेगळं ऑन-ऑफ आउटपुटच हवं. दोन्ही व्होल्टेजच्या वायरी एका पाइपातून नकोत. समुद्राकाठी टर्मिनलं हिरवी पडतात, तीही पावसाआधी बघावीत. झुंबरावर लाख उधळणाऱ्या मालकांना काहीशे रुपयांचा रिलेच का जड होतो, देव जाणे.

– एक वायरमन, म्हापसा