आम्हाला दुसरा पासपोर्ट द्या : परराष्ट्रमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

भारताचा पासपोर्ट छापला जातो तो आमच्या नाशिकरोडला. १९२५ साली सुरू झालेली इंडिया सिक्युरिटी प्रेस आम्हा नाशिककरांच्या तोंडी नुसती ‘प्रेस’ असते आणि तिथे नोकरी केलेलं माणूस जेलरोडला, उपनगरला गल्लोगल्ली भेटतं. त्यामुळे त्या निळ्या पुस्तिकेबद्दल आम्हाला इतरांपेक्षा थोडी जास्त माया आहे. तीच पुस्तिका हातात असताना आपल्या माणसाला काउंटरवरून परत फिरवलं गेलं, की ते आमच्या जिव्हारी लागतं.

मी नाशिकहून परदेशी सहलींचे छोटे ग्रुप घेऊन जाते. या कामात जे वारंवार बघते आहे, त्यावरून आपल्याकडे एक मागणी करते. ज्या शेजारी देशांचं आपसांत हाडवैर आहे, अशा दोन्ही बाजूंना ज्यांना जावं लागतं, त्या भारतीयांना मर्यादित मुदतीचा दुसरा पासपोर्ट मिळावा. आणि तो मिळेपर्यंत निदान कुठला शिक्का कुठे नडतो, याची माहिती सरकारने मराठीतून द्यावी.

नाशिकमधून इस्रायलला जाणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. निफाड, दिंडोरी, पिंपळगावचे द्राक्ष बागायतदार ठिबक आणि पाण्याचं नियोजन बघायला जातात. शरणपूर, नाशिकरोडचे ख्रिस्ती भाविक जेरुसलेम आणि बेथलेहेमच्या यात्रेला जातात. जुन्या नाशकातली मुस्लिम कुटुंबं जेरुसलेमच्याच अल-अक्सा मशिदीला जातात. आणि यांतल्या कितीतरी घरांमधला एखादा मुलगा, एखादी मुलगी नोकरीला आखातात असते. शेती, श्रद्धा आणि पोट, तिन्ही एकाच पासपोर्टावर. आणि इस्रायलला जाऊन आल्याची खूण त्या पासपोर्टवर दिसली, की काही देश दार बंद करतात.

इस्रायलने २०१३ पासून पर्यटकांच्या पासपोर्टवर शिक्का मारणं बंद केलं. हातात एक छोटी चिठ्ठी देतात, ती निघेपर्यंत जपायची. आता तर भारतीयांना ई-व्हिसाही मिळतो. म्हणून सगळ्यांना वाटतं, प्रश्न मिटला. तो मिटलेला नाही. कारण यात्रेचा नेहमीचा रस्ता अम्मान, जेरुसलेम, बेथलेहेम आणि मग इस्रायल-इजिप्त सीमेवरच्या ‘ताबा’ नावाच्या नाक्यावरून कैरो असा असतो. ताबाला इस्रायल शिक्का मारत नाही, पण इजिप्त मारतो. आणि ताबाच्या त्या फाटकापलीकडे इस्रायलशिवाय दुसरं काही नाही. जॉर्डनच्या बाजूलाही शेख हुसेन आणि वादी अरबा या नाक्यांचे शिक्के हीच चुगली करतात. लेबनॉन, इराण, कुवेत यांच्या अधिकाऱ्यांना हे नकाशे तोंडपाठ असतात. आपल्या यात्रेकरूंना मात्र त्याचा पत्ता नसतो.

नाशिकरोडच्या एक निवृत्त नर्सबाई माझ्याकडे आल्या होत्या. यात्रा त्यांनी दुसऱ्या कुणाबरोबर केली होती. लेक आखातात नर्स, दिवस भरत आलेले, पहिलं बाळंतपण. आईचा व्हिसा फेटाळला गेला होता आणि कारण कुणी लेखी देत नव्हतं. मी पासपोर्टची पानं उलटत गेले. एका पानाच्या कोपऱ्यात पुसट शिक्का होता, अरबी अक्षरांचा, तारीख अर्धवट उमटलेली. पण नाक्याचं नाव वाचता येत होतं. ताबा. मी त्यावर बोट ठेवलं तर बाई म्हणाल्या, “अहो, पण हा तर इजिप्तचा आहे ना?” त्यांची डिंकाच्या लाडवांची तयारी झाली होती, तान्ह्यासाठी दुपटी शिवून झाली होती. ते सगळं शेवटी कुणाच्या तरी सामानातून गेलं. लेकीचं बाळंतपण शेजारणींनी केलं.

त्या बाईंनी कुठला कायदा मोडला होता? आपल्या देशाचा नाही, इस्रायलचा नाही, इजिप्तचाही नाही. भारताचे या सगळ्यांशी चांगले संबंध आहेत आणि ते राखण्याचं मोठं श्रेय आपल्याकडेच जातं. सरकारला दोन्ही दारं उघडी असतात. सामान्य नागरिकाला एका दारातून गेल्यावर दुसरं बंद होतं, ही विसंगती मला सलते.

अशा वेळी एजंट हळूच सुचवतात, “पासपोर्ट हरवला म्हणून तक्रार द्या, नवा काढा.” खोटी तक्रार हा गुन्हा आहे हे मी प्रत्येकाला सांगते. आणि त्याने साधतही नाही, कारण नव्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, आईवडिलांच्या नावांच्या आणि पत्त्याच्या सोबत, जुन्या पासपोर्टचा नंबर छापलेला असतो. जुनी पुस्तिका दाखवा म्हटलं की संपलं. सरळमार्गी माणसासाठी आज एकही सरळ मार्ग नाही, म्हणून हे आडमार्ग फोफावतात.

पासपोर्टमध्ये अडकवलेल्या एका कागदाला किती अर्थ असतो, हे आपल्याइतकं कोण जाणतं? आपण २००९ ते २०१३ या काळात बीजिंगला राजदूत होतात. चीन त्या सुमारास जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांना पासपोर्टवर व्हिसा न देता वेगळ्या कागदावर देऊन तो टाचत होता. असा व्हिसा प्रवासाला ग्राह्य धरला जाणार नाही, असं आपल्या सरकारने २००९ मध्येच जाहीर केलं. जुलै २०२३ मध्ये अरुणाचलच्या तिघा वुशू खेळाडूंना चेंगडूच्या विद्यापीठ स्पर्धेसाठी असेच टाचलेले व्हिसा मिळाले, तेव्हा भारताने अख्खा वुशू संघ थांबवून ठेवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अरुणाचलात जन्मलेल्या एका भारतीय महिलेला शांघायच्या विमानतळावर जन्मस्थानावरून तासन्‌तास अडवलं गेलं, तेव्हा आपल्या मंत्रालयाने कडक शब्दांत निषेध नोंदवला. या तिन्ही वेळी मला आपल्या सरकारचा अभिमान वाटला.

त्याच वेळी, शिक्का न मारण्याचा समंजसपणाही भारताने दाखवलेला आहे. पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाराचा मार्ग ९ नोव्हेंबर २०१९ ला उघडला तेव्हा पाकिस्तानशी ठरलं ते असं : व्हिसा नको, पासपोर्ट दाखवायचा, पण त्यावर शिक्का उमटणार नाही. मे २०२५ पासून तो मार्ग बंद आहे आणि त्याची कारणं आम्हाला ठाऊक आहेत, पटतातही. माझा मुद्दा एवढाच, की ज्याच्याशी सर्वांत कडवं वैर त्याच्याशीसुद्धा भाविकाचा पासपोर्ट कोरा ठेवण्याचा करार आपण केला होता. मग जिथे आपलं स्वतःचं कुणाशीच वैर नाही, तिथे आपल्या माणसांना असं का सोडून द्यायचं?

हे फक्त इस्रायलपुरतंही नाही. जॉर्जियाचा २००८ चा कायदा सांगतो की अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया या त्याच्यापासून फुटलेल्या भागांत रशियाच्या बाजूने शिरणं गुन्हा आहे. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत मेडिकलला शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे कोण सांगतं? आर्मेनिया आणि अझरबैजान यांची जमिनीवरची हद्द नव्वदच्या दशकापासून बंद आहे आणि आर्मेनियातल्या येरेवानचा शिक्का बघून अझरबैजानच्या बाकूत काउंटरवर उलटतपासणी होते. अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतल्यामुळे २०२५ च्या मेनंतर बाकूच्या सहली आपल्याकडे थंडावल्या, पण ज्यांच्या पासपोर्टवर एक शिक्का बसला तो बसलाच.

सर्वांत जास्त काळजी मला उत्तर सायप्रसची वाटते. तिथल्या विद्यापीठांच्या जाहिराती आपल्या मुलांच्या मोबाइलवर रोज येतात. फी कमी, प्रवेश सोपा, ‘युरोपात शिक्षण’. त्या भागाला तुर्कीशिवाय जगातला एकही देश राज्य म्हणून मान्यता देत नाही आणि भारताचं उच्चायुक्तालय आहे ते दक्षिणेत, निकोसियाला. इस्तंबूलहून एर्जान विमानतळावर उतरलेला विद्यार्थी सायप्रस सरकारच्या दृष्टीने बेकायदा आलेला असतो. मध्यंतरी सिन्नर तालुक्यातले एक वडील मुलाचं प्रवेशपत्र घेऊन माझ्याकडे तिकिटाची चौकशी करायला आले. पैसे भरायचे बाकी होते म्हणून बरं. त्यांना नकाशा काढून दाखवला, मधली रेघ दाखवली. ते कितीतरी वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “हे कागदावर कुठंच कसं लिहिलेलं नाही?”

मला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, ते आपण द्यावं. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर सरकार ‘ईसीआर’ची नोंद करतं आणि अठरा देशांत नोकरीला जाताना त्याची आधी तपासणी करतं. म्हणजे माणूस संकटात पडण्याआधी त्याला थांबवून सांगणं हे सरकार आपलं काम मानतं. मग स्पीड पोस्टाने पासपोर्ट घरी येतो त्याच पाकिटात मराठीतलं एक पान घाला. कोणत्या नाक्यांचे शिक्के कुठे नडतात, कोणत्या भागात कुठून शिरू नये, शिक्का वेगळ्या कागदावर कुठे मागता येतो. दूतावासांकडे ही माहिती असतेच. ती इंग्रजीतल्या सूचनांमध्ये दडून राहते आणि दिंडोरीच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

आता मुख्य मागणीकडे येते. आज कायद्याने एका व्यक्तीकडे एका वेळी एकच साधा पासपोर्ट असतो. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आपल्या नागरिकांना नेमक्या याच कारणासाठी दुसरा पासपोर्ट देतात. अमेरिकेचा जास्तीत जास्त चार वर्षांचा असतो. दोन पुस्तिकांची कल्पना आपल्यालाही नवी नाही. सरकारी कामावर जाणाऱ्याला पांढरा पासपोर्ट मिळतो आणि तेव्हा निळा जमा करून घेतात. तीच पद्धत इथे लावा. यात्रेला जाताना दुसरा, कमी पानांचा, दोन वर्षांचा पासपोर्ट द्या, पहिला पासपोर्ट कार्यालयात जमा करा, परत आल्यावर अदलाबदल करा. कारणाचा पुरावा मागा, पोलिसांची पडताळणी करा, फी जास्त घ्या. यात कुणाची तक्रार असणार नाही.

सुरक्षेचा आक्षेप निघेल, निघायलाच हवा. दोन पुस्तिकांचा गैरवापर होऊ शकतो हे मलाही मान्य आहे. पण आता ई-पासपोर्टमध्ये चिप आहे, बोटांचे ठसे आणि फोटो सरकारकडे आहेत. दोन्ही पुस्तिका एकाच नोंदीला बांधलेल्या असल्या की भारतीय अधिकाऱ्यापासून काहीच लपत नाही. कुणी म्हणेल, शिक्केच आता जाणार आहेत, युरोपने तर ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी संगणकावर नोंद करायला सुरुवातही केली. पण जिथे शेजाऱ्यांचं पटत नाही, अशा नाक्यांवर ही सुधारणा सर्वांत शेवटी पोहोचेल. तोवर कितीजणींची बाळंतपणं, कितीजणांच्या नोकऱ्या अडकून राहतील?

आमच्या भागातून जाणारे यात्रेकरूंचे ग्रुप बहुतेक नाताळ आणि ईस्टरच्या आगेमागे निघतात, शेतकऱ्यांचे द्राक्षाचा हंगाम आटोपल्यावर. माहितीचं पान त्याआधी काढता आलं, तर मराठी मजकूर तपासून द्यायला आणि छापलेल्या प्रती इथल्या ट्रॅव्हल ऑफिसांत, चर्चमध्ये, मशिदींत, बाजार समित्यांत पोहोचवायला मी आणि माझे व्यवसायबंधू तयार आहोत. दुसऱ्या पासपोर्टसाठी नियम बदलायला वेळ लागेल हे मी समजते. त्यावर मंत्रालय विचार करणार आहे की नाही, एवढं तरी लेखी कळवावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
नाशिकची एक सहल संयोजक