अव्यास: तुझ्या वहीबद्दल, आणि १८८८च्या बर्फाबद्दल

ओमाहा, नेब्रास्का
१४ जानेवारी

प्रिय अव्या,
स. न. वि. वि. वगैरे.

तुझी पुराची वही सगळी वाचली. चिपळूणच्या २०२१च्या पुरानंतर लोकांकडून जे लिहून घेतलंस, त्याच्या कविता कराव्यात का, आणि दुसऱ्याच्या तोंडचं आपण ‘मी’ म्हणून लिहिणं ही चोरी तर नाही ना, असं विचारलंयस. मला कवितेतलं कळत नाही हे तू शाळेच्या हस्तलिखितापासून ऐकवतोयस, त्यामुळे सल्ला देत नाही. पण मी राहतो त्याच राज्यात टेड कूझर नावाच्या कवीने नेमकं हेच काम करून ठेवलंय, त्याची हकीकत सांगतो. तू मास्तर आहेस म्हणून तर ती तुला सांगायलाच हवी.

परवा १२ जानेवारी होती. १८८८ साली याच तारखेला, गुरुवारी, इथल्या माळरानावर जे हिमवादळ आलं त्याला लोक अजूनही ‘शाळांचं वादळ’, ‘मुलांचं वादळ’ म्हणतात. आधीचे काही दिवस कडाक्याची थंडी होती. त्या दिवशी सकाळी हवा एकदम उबदार झाली. बरेच दिवस घरात कोंडलेली माणसं बाहेर पडली. कोणी गुरांना पाणी दाखवायला, कोणी गवताच्या गंजीकडे, कोणी बाजाराला. पोरं जाड कोट न घालताच शाळेत गेली. आणि मग वायव्येकडून ती भिंत आली. उत्तरेकडच्या डाकोटात दुपारच्या आधी, आणि इकडे पूर्व नेब्रास्कात तीनच्या सुमाराला, म्हणजे बरोबर शाळा सुटायच्या वेळी.

बर्फ म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे सिनेमातला कापूस येत असेल. हा तसा नव्हता. मैद्यासारखा बारीक, कोरडा, आणि वाऱ्याने आडवा मारणारा. पापण्यांवर साचून डोळे गोठून मिटायचे. स्वतःचा पुढे केलेला हात दिसत नव्हता. गोठ्यातून घराकडे निघालेला माणूस घर चुकून माळावर भरकटला, असं घडलं. हवेत इतकी वीज साठली होती की चुलीच्या लोखंडाला हात लावला की ठिणगी उडायची, असंही अनेकांनी सांगितलंय. रात्रीत काही ठिकाणी पारा उणे ३० सेल्सिअसच्या आसपास गेला. मेलेल्यांचा आकडा साधारण २३५ असा सांगतात. काही अभ्यासक तो बराच जास्त धरतात, कारण विखुरलेल्या वस्त्यांवर मोजणार कोण?

हवामानाचं काम तेव्हा लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होतं. थंडीची लाट येणार हा इशारा मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या कचेरीतून तारेने निघाला होता. पण तार रेल्वेच्या स्टेशनापर्यंत. तिथून पुढे कित्येक मैलांवर मातीच्या घरात राहणाऱ्याला ती कोण सांगणार? तुझ्या वहीतला तो मिठाईवाला म्हणतो ना, ‘इशारा आला असंल, आमच्या गल्लीत नाय आला’, तिथे मला हेच आठवलं.

आता मास्तर लोकांचं. शाळा म्हणजे एक खोली. पुष्कळ ठिकाणी तीही गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची. शिक्षिका बहुधा विशीच्या आतबाहेरची पोरगी, कुणाच्या तरी घरी पैसे देऊन राहणारी. तिला त्या पाच-दहा मिनिटांत ठरवायचं होतं की पोरं घरी सोडायची की थांबवून घ्यायची. जळण किती उरलंय हा पहिला प्रश्न. जिथे कोळसा होता तिथे बाकं मोडून जाळत का होईना, रात्र निघाली. प्लेनव्ह्यू गावाजवळच्या लोइस रॉइसकडे जळण संपलं होतं, मुलं उरली होती तीन, आणि ती राहायची ते घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. ती मुलांना घेऊन निघाली. घर सापडलं नाही. उघड्यावर मुलांना कवेत घेऊन ती रात्रभर पडून राहिली. तिन्ही मुलं गेली. सकाळी ती रांगत एका घरापर्यंत पोचली. ती वाचली, पाय गेले.

तिने काय चुकीचं केलं, सांग. मी यावर बराच विचार केलाय आणि मला काहीच सापडत नाही.

याउलट मिनी फ्रीमन. ऑर्डजवळच्या मिडव्हेलची शाळा, वाऱ्याने छप्पर उडवलं, तेव्हा तिने पोरांना ओळीने जवळच्या शेतघरी सुखरूप नेलं. तिच्यावर त्याच वर्षी गाणं निघालं, ‘१३ वाचली’ म्हणून. तिने मुलांना दोरीने एकमेकांना बांधलं होतं, ही गोष्ट इथे सर्वांना पाठ असते. लिंकन या राज्याच्या राजधानीतल्या विधान भवनात काचेच्या तुकड्यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे, त्यातही हाच प्रसंग आहे. गंमत अशी की त्यांतल्याच एका विद्यार्थ्याने पुढे सांगितलं, दोरीबिरी काही नव्हती. मुलं तेरा होती की सोळा-सतरा, यावरही एकमत नाही. इथल्या ‘ओमाहा बी’ या वर्तमानपत्राने अशा शिक्षिकांसाठी निधी उभारला. वर्तमानपत्रांना वीरांगना हव्या होत्या, त्या मिळाल्या. एटा शॅटक नावाची एकोणीस वर्षांची शिक्षिका गवताच्या गंजीत ७८ तास अडकून जिवंत सापडली, तीही त्या यादीत गेली. पाय कापावे लागले आणि महिनाभरात ती वारली. निधी तिच्या काय कामाचा?

पुढचा भाग तुझ्यासाठी महत्त्वाचा. १९४०मध्ये, म्हणजे बावन्न वर्षांनी, त्या दिवशी वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांनी लिंकनमध्ये एक मंडळ काढलं आणि आपापल्या आठवणी लिहून जमवल्या. १९४७ला त्यांचा संग्रह निघाला. शाळकरी पोरं आता साठी-सत्तरीत होती. आठवणी जशा असतात तशाच होत्या त्या, पाल्हाळ, देवाचे आभार, नातेवाइकांच्या याद्या, आणि मध्येच एखादं वाक्य असं की वाचणारा जागचा हलू नये.

त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, १९८६ला, टेड कूझरने ‘द ब्लिझर्ड व्हॉइसेस’ हे छोटंसं पुस्तक काढलं. कूझर पुढे अमेरिकेचा राजकवी झाला, २००५ला त्याला पुलित्झर मिळालं, पण आयुष्यभर नोकरी केली लिंकनच्या विमा कंपनीत. सकाळी उठून कविता लिहायची आणि कचेरीत गेल्यावर सेक्रेटरीला वाचायला द्यायची. तिला कळली नाही तर पुन्हा लिहायची. (तू हे कर. तुझ्या शाळेतल्या खिचडी शिजवणाऱ्या मावशींना वाचून दाखव. मला नको पाठवूस, मी सगळ्याला ‘छान’ म्हणतो.)

त्याने त्या जुन्या आठवणींवरून कविता केल्या आणि बहुतेकांना मथळा दिला तो इतकाच: ‘एका बाईचा आवाज’, ‘एका माणसाचा आवाज’. नाव नाही, गाव नाही. पानामागून पान माणसं येतात, आपलं बोलतात आणि जातात. कोणी वीर नाही. बोलणारा अश्रू काढायला बघत नाही. काय घातलं होतं, काय हातात होतं, कुंपण कुठे संपलं, एवढंच सांगतो. कविता लहान आहेत, ओळी आखूड आहेत, आणि एकाही ओळीत कवी आपली हुशारी दाखवत नाही. मला विचारशील तर सगळी ताकद तिथे आहे. हे लोक सांगताहेत तेव्हा त्यांचं वय उलटून गेलंय, रडून झालंय. उरलाय तो तपशील. तो तपशील त्याने गाळून घेतला आणि बाकी पाल्हाळ टाकून दिला.

चोरीचा प्रश्न त्याने असा सोडवला, असं मला वाटतं: नाव काढलं की त्या माणसाच्या वतीने बोलल्याचा आव राहत नाही, आणि माणसाला मात्र बोलू दिलं जातं. शिवाय आवाज एकमेकांशी जुळवून घेतलेले नाहीत. एकाला दोरी आठवते, दुसऱ्याला नाही, तर दोघंही राहू देत. तुझ्या वहीत पाणी किती वाजता शिरलं यावर सहा जणांची सहा उत्तरं आहेत आणि तू समासात ‘तपासणे’ लिहिलंयस. अरे, नको तपासूस! तो पंचनामा तलाठ्याने केलाय.

याच पुस्तकावरून पॉल मोरावेक या संगीतकाराने मोठी गायनरचना केली, २००८ला इथे ओमाहाच्या ऑपेराने ती सादर केली. मी ध्वनिमुद्रण ऐकलं. वाद्यवृंद आणि समूहगान एवढं जोरात की वादळ छान उभं राहतं, पण ती एकटी बाई कुठे गेली असं झालं. मला कागदावरचीच बरी वाटते. तुझं मत वेगळं होईल, तुला ढोल आवडतात.

एक खटकलेली गोष्ट मात्र सांगतो. ही सगळी माणसं सरकारी योजनेत १६० एकर घेऊन वसलेली, नॉर्वेची, जर्मनीची, पूर्वेकडच्या राज्यांतली. ज्यांची ही जमीन होती त्या पोंका, ओमाहा लोकांचा आवाज या पानांत मला ऐकू आला नाही. मंडळ स्थापन करणाऱ्यांनी त्यांना विचारलं नसणार. तुझी वही उघडून मी हेच मोजलं: बाजारपेठेतले दुकानदार भरपूर आहेत, नदीकाठच्या झोपड्यांतलं एकच माणूस आहे, आणि भाजी विकायला गावांतून येणाऱ्या बायांपैकी एकही नाही. पावसाळ्याआधी तेवढं कर. आणि स्वतःचंही लिही. त्या दिवशी तू कुठे होतास, शाळेच्या किल्ल्या कोणाकडे होत्या, ते तू कोणालाच सांगितलेलं नाहीस. मलाही नाही.

पुस्तक सुमनताईंच्या हाती पाठवतोय, त्या मार्चमध्ये डोंबिवलीला येताहेत. तिथून तू घेऊन जा, कुरिअरच्या भानगडीत पडू नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुध्या

ता. क. ‘वाशिष्ठी माय कोपली’ ही ओळ काढ. तुझ्या वहीतलं एकही माणूस असं बोललेलं नाही.