बोलीतला शब्द टिपताना वाक्य आणि गाव सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. पण नागपूर-वर्धेकडच्या घरांतली बोली नीट टिपून ठेवण्याचं काम त्याने आपोआप होणार नाही. गंज म्हणजे पातेलं, गडवा म्हणजे तांब्या, सराटा म्हणजे उलथणं अशा याद्या पुष्कळ फिरतात. वाचायला बऱ्या वाटतात, पण अभ्यासाला त्या जवळजवळ निरुपयोगी आहेत, कारण त्यांत वाक्य नसतं. 'सांबार निवडून ठेव' म्हटलं की कोथिंबीर कळते. नुसतं 'सांबार' लिहिलं तर वाचणारा इडलीकडे जातो. कोपर म्हणजे परात की हाताचा सांधा, हेही वाक्यच सांगतं.

इंग्लंडमधल्या बोलींची पाहणी लीड्स विद्यापीठातून हॅरॉल्ड ऑर्टन यांनी चालवली. १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी तेराशेहून अधिक प्रश्न विचारले गेले. त्यातून उचलावी ती प्रश्नाची रीत: हवा असलेला शब्द विचारणाऱ्याने स्वतः उच्चारायचा नाही. 'बांधाला तुमच्याकडे धुरा म्हणतात ना?' असं विचारलं की समोरचा मान डोलावतो, आणि शब्द त्याचा होता की आपला हे कधीच कळत नाही. त्याऐवजी 'दोन वावरांच्या मधात उंच पट्टी असते, तिले...' एवढं म्हणून गप्प बसावं. वस्तू जवळ असेल तर ती हातात द्यावी. आणखी एक, पुस्तकी मराठीत विचारलं तर आजीसुद्धा पुस्तकी उत्तर देते. म्हणून पहिली दहा मिनिटं पीकपाणी, सोयरीक, बाजार यांवर बोलू द्यावं. खरी बोली तिथेच येते.

ध्वनिमुद्रणाला साधा मोबाइल चालतो. तो विमान मोडवर ठेवून बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरावा. अगदी समोर धरला तर प, फ, भ यांचे फटके बसतात. फाइल वेव्ह प्रकारात, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो ठेवली की मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला आवाज दाबला जातो, त्यात बारीक उच्चार जातात. आपल्याकडचा मोठा शत्रू कूलर. तो आणि पंखा बंद करून बसायचं तर उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतच बसावं. सुरुवातीला गाव, तालुका, तारीख, वय आणि बोलणाऱ्याची संमती आवाजातच घ्यावी. नाव मात्र वेगळ्या वहीत असावं.

लिहिताना सगळ्यात जास्त नुकसान 'शुद्ध' करण्याने होतं. 'आंधयं दयते अन् कुत्रं पीठ खाते' ही म्हण ऐकून कोणी 'आंधळं दळतं' लिहिलं, की ळ चा य होण्याचा पुरावाच पुसला गेला. 'मले', 'तुले', 'पानी', 'काय करून राहिला बे' जसं ऐकू येईल तसंच लिहावं. चमचा आणि चहा यांतले च वेगळे आहेत, पण देवनागरीत फरक दिसत नाही. चमच्यातल्या च खाली नुक्ता म्हणजे टिंब द्यावं आणि ही खूण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. नामाचं लिंग आणि अनेकवचनही विचारावं, बहुतेक जण तेच विसरतात.

म्हणींना आणखी एक रकाना हवा: कोण, कोणाला, केव्हा म्हणतं. सासूने सुनेला म्हटलेली आणि मित्राने मित्राला म्हटलेली म्हण एक नसते. जातीवर, बाईवर बोट ठेवणाऱ्या म्हणी गाळू नयेत, पण त्यांवर खूण करावी आणि बोलणाऱ्याची ओळख कुठेही देऊ नये. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांच्या तोरणाखाली म्हटली जाणारी पदं, तिथेच टिपल्या तर गोंगाटात शब्द बुडतात. तिथे जरूर टिपाव्यात, पण दुसऱ्या दिवशीचा मुलांचा तान्हा पोळा आटोपला की त्याच माणसाकडून घरी बसून पुन्हा ऐकाव्यात. दोन्ही पाठ जपावेत, त्यांत फरक निघतोच.

आपल्या दैनिकाने वाचकांकडून बोलीचे शब्द मागवावेत, ही विनंती. मात्र सोबत पूर्ण वाक्य, गाव आणि तालुका नसेल तर तो शब्द छापण्याआधी पाठवणाऱ्याकडून ते मागून घ्यावं.

– बोलीचा एक अभ्यासक, नागपूर