जुन्या मोटारसायकली चालत राहिल्या तरच टिकतील

प्रति,
संपादक,

महोदय,

रविवारी सकाळी कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे, कधी गगनबावड्याकडे निघणाऱ्या जुन्या मोटारसायकलींच्या ताफ्याबद्दल आपल्या पत्रसदरात अलीकडे एका वाचकाने नाराजी व्यक्त केली आहे. आवाज होतो, धूर होतो, या गाड्या आता संग्रहालयात ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे. मी त्या ताफ्यात असतो, म्हणून हे उत्तर.

धुराचे आधी. जावा, येझदी, राजदूत ही टू-स्ट्रोक इंजिने आहेत. त्यांच्यात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. लिटरमागे तीस-चाळीस मिलिलिटर ऑइल टाकीतच मिसळावे लागते. थोडा धूर येणारच, तो मी नाकारत नाही. पण मागच्याला रस्ता दिसू नये इतका धूर सोडणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा काही तरी बिघडलेले असते. ऑइल अंदाजाने ओतलेले असते, सायलेन्सर काजळीने बुजलेला असतो, नाही तर क्रँकचे सील गेल्याने गिअरचे ऑइल आत ओढले जाते. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत आम्ही सोबत घेत नाही. सायलेन्सरची आतली जाळी काढून फटफटाट करणाऱ्यालाही घेत नाही, मग तो कितीही जवळचा मित्र असो. पीयूसी आणि विमा नसेल तर गाडी घरी. एवढे करूनही एखादी गाडी खटकली असेल तर तिचा नंबर जरूर कळवावा, आम्ही त्या माणसाशी बोलू.

संग्रहालयाची सूचना मात्र मला मान्य नाही. मोटारसायकल उभी राहिली की खराब होते. ऑइल सील कडक होऊन चिरतात, कार्बोरेटरच्या जेटमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरतो, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटवर थर चढतो, टाकीत गंज धरतो. त्यात २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. आमच्या जिल्ह्यात दारात ऊस आहे, शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळत असतील तर त्याला विरोध करण्याचे माझ्या मनातही येणार नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे रबर, वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. असे पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने साठवून ठेवले तर आतून पत्रा खाल्ला जातो. म्हणून ते जाळायचे आणि ताजे भरायचे. आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवणे हीच तिची सर्वात स्वस्त देखभाल आहे. लोकांना जी मौज वाटते, ती आमच्यासाठी निम्मी तरी देखभालच असते.

आणि गाडीबरोबर माणूसही टिकतो. उद्यमनगरातल्या लेथवर आणि फौंड्रीत या शहराने आपली ओळख घडवली. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचे नाव इथे आजही आदराने घेतले जाते. त्याच परंपरेतले आमचे मिस्त्री आता सत्तरीला आले आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून ठिणगीचे टायमिंग पुढे आहे की मागे ते सांगणारे, पॉइंटचा ०.४ मिलिमीटरचा गॅप फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, न लावता नजरेने धरणारे आणि नंतर गेज लावून खात्री करणारे हे लोक आहेत. सुटा भाग बाजारात मिळाला नाही तर ते बुश स्वतः कातून घेतात. एप्रिल २०२० पासून धुराबाबतचे बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. तिथे बिघाड स्कॅनर सांगतो. ते चांगलेच आहे. पण कानाने आणि बोटांनी इंजिन ओळखण्याची विद्या शिकायची तर कुठे? वाघबीळच्या चढावर येझदी गचके देत बंद पडते, मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग दाखवतात, काळा पडला तर काय, पांढरा पडला तर काय, आणि शेजारी आयटीआयचा मुलगा वाकून बघत असतो. तिथे तो जे शिकतो, ते काचेमागे उभ्या असलेल्या मोटारसायकलीपासून कसे शिकेल?

ही विद्या शोभेची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने कोल्हापूर, शिरोळकडची गावे बुडवली, तेव्हा हजारो दुचाकी पाण्याखाली गेल्या. पाणी गेलेले इंजिन किक मारून बघायचे नसते. प्लग काढायचा, पाणी निथळायचे, गाळ मिसळलेले ऑइल बदलायचे, बेअरिंग धुवायचे. ते काम ज्यांनी रात्रंदिवस केले त्यांत जुन्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री होते. दूध घालायला जाणाऱ्याची गाडी चार दिवसांत पुन्हा चालू झाली ती त्यांच्यामुळे.

सहलीत हौस असतेच, का नसावी? खिद्रापूरच्या कोपेश्वराला गेलो की स्वर्गमंडपाच्या खांबांखाली सगळी कुटुंबे एकत्र बसतात, डबे उघडले जातात. गाडी वडिलांची आणि चालवते मुलगी, अशाही दोन-तीन गाड्या आहेत. गावातली पोरे भोवती जमली की जावाचा दांडा हमखास दाखवावा लागतो. किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून फिरवायचा, मग तो गिअरचा होतो. पोरांना ते खरे वाटत नाही.

आता थोडे नियमांविषयी. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. सरकारने या गाड्यांना वारसा मानले याचा मला मनापासून आनंद आहे. पण अशी नोंदणी झालेली गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच. नियमित वापराला मनाई आहे. मग रविवारची फेरी कशात धरायची? देखभालीत धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तसा खुलासा करावा.

दुसरी अडचण पन्नास वर्षांची. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९७३ मध्ये येझदी हे नाव घेतले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे कारखाना गेला, सुटे भाग गेले, तरी बहुतेक येझदी अजून विंटेज नाहीत. १९८३ ची राजदूत ३५० असेल तर तिला २०३३ उजाडावे लागेल. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने निव्वळ जुने वाहन; फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरत राहायचे. कर आम्ही भरतोच. पण ज्या गाडीचे उत्पादन कायमचे थांबले आहे आणि जी महिन्याला शे-दीडशे किलोमीटरच धावते, तिच्यासाठी तीस वर्षांनंतरचा एक मधला गट असावा. अशी गाडी परवडत नाही म्हणून भंगारात गेली तर ती पुन्हा कोणीही बनवणार नाही.

आणखी एक विनंती, ज्यांच्या परड्यात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात वडिलांची, आजोबांची मोटारसायकल पडून आहे त्यांना. भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा मिस्त्रीला दाखवा. हौसेने लगेच किक मारू नका, आत गंज असेल तर पिस्टन आणि सिलिंडर दोन्हींवर चरे पडतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. चासिस आणि इंजिनावरचे नंबर ब्रशने साफ करून लिहून घ्या, घासून काढू नका. आणि ट्रंकेत, जुन्या फायलीत आरसी पुस्तक शोधा. ते सापडले तर पुढचे काम पुष्कळच सोपे होते.

आपला,
जुन्या मोटारसायकलींच्या गटातील एक सभासद
राजारामपुरी, कोल्हापूर