‘संगीत सरिता’ कशी विसरलात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विविध भारतीच्या वर्धापनदिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. जयमाला, हवामहल, छायागीत, सगळ्यांच्या आठवणी निघाल्या. रागांची ओळख करून देणाऱ्या ‘संगीत सरिता’ या कार्यक्रमाचा मात्र शब्दानेही उल्लेख नाही. फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

मी घरी ब्लाउज शिवते. गाणं शिकायचा योग आला नाही. सकाळी साडेसातला ‘संगीत सरिता’ लागली की मशीनवरचा पाय काढून घ्यायचे, कारण त्या खडखडाटात तानपुरा ऐकूच येत नसे. पंधरा मिनिटं. मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर रागाचं नाव, आरोह-अवरोह, वादी-संवादी (रागातले दोन मुख्य सूर) उतरवून घ्यायचे आणि पुन्हा काम. अशा चार वह्या भरल्या. पुढून छाती, कंबर, बाही, मागून राग.

त्यात एका सकाळचं पान आहे भूप आणि देशकारचं. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच सूर, मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. मग राग दोन कसे? शिकवणाऱ्या बाईंनी आधी गंधारावर, म्हणजे ‘ग’वर, विसावत गाऊन दाखवलं. हा भूप, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. मग तेच सूर धैवताला, म्हणजे ‘ध’ला, मान देत, वरच्या सुरांच्या अंगाने. हा देशकार, सकाळचा. कापड एकच, बेतलंय वेगळं! हाताशी पेन्सिल नव्हती, म्हणून कापडावरच्या खडूनेच ‘ग’ आणि ‘ध’भोवती गोल केले. पुसट झालेत, पण अजून दिसतात.

१९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि सिनेमाच्या गाण्यांना आकाशवाणीचं दार जवळजवळ बंद झालं. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली. आणि पुढे तिनेच सिनेमाच्या गाण्याचं बोट धरून लोकांना रागापर्यंत नेलं! रागाची ओळख, त्याच रागातलं चित्रपटगीत आणि मग बंदिश किंवा वादन. ‘बैजू बावरा’तलं ‘मन तडपत’ मला तोंडपाठ होतं. तो मालकंस आहे हे कळल्यावर त्यापुढची बंदिश परकी वाटली नाही. केसकरांची तळमळ खरी होती, पण नुसती मैफल ऐकून मला राग ओळखता आला नसता. ओळखीच्या गाण्यामुळे आला.

सकाळी साडेसातला यमन लागला की समयाचे नियम पाळणाऱ्यांना खटकत असेल. पण संध्याकाळी, यमनाच्या वेळेला, आम्हाला स्वयंपाक सोडून रेडिओजवळ कोण बसू देणार होतं?

आपल्या पुरवणीत या कार्यक्रमावर स्वतंत्र लेख यावा. त्याचं लेखन करणाऱ्या, निर्मिती सांभाळणाऱ्या, त्यातल्या मालिकांमध्ये बोललेल्या कलावंतांच्या मुलाखती आताच घ्याव्यात. कोणत्या मालिका झाल्या, कोणता राग कुणी उलगडला, हे कुठेतरी एकत्र लिहिलेलं असावं. माझ्या वह्यांत बहुतेक पानांवर तारखा आहेत. उपयोग होणार असेल तर चारही वह्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक श्रोती, कसबा पेठ, पुणे